पुराच्या छावणीत एक चूल, एक तोटी, एक यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव कृष्णाकाठचं, शिरोळ तालुक्याच्या बाजूचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळं गाव हायस्कुलात आठ-दहा दिवस एकत्र राहिलं, एका पंगतीला जेवलं. गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीतल्या पोरांनी गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या गोल कढईतून, म्हातारीकोतारी बाहेर काढली. पाणी उतरल्यावर दोन महिन्यांत पार वेगळा, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळं, सगळं होतं तसं झालं. आता ग्रामपंचायत आपत्ती व्यवस्थापन समिती नव्याने बसवते आहे. पुढच्या पुरात हे एकत्र येणं टिकावं म्हणून आधीच काय ठरवून ठेवता येईल?

एकत्र येणं टिकलं नाही याचं कारण लोकांच्या मनात शोधत बसण्याआधी छावणीतल्या कामांच्या वाटणीत शोधा. त्या आठ-दहा दिवसांत स्वयंपाक कोणी केला, पिण्याच्या पाण्याला हात कोणाचा लागला, संडास कोणी धुतले आणि पंचनाम्याच्या यादीत कोणाचं घर राहून गेलं, हे चार प्रश्न गावातल्या चार वेगवेगळ्या गल्ल्यांत जाऊन विचारा. बहुतेक गावांत उत्तर असं निघतं: पंगत एक होती, पण रांधणारे नेहमीचेच, संडास धुणारेही नेहमीचेच, आणि यादीत राहून गेलेली घरं वस्तीतली. म्हणजे बसण्याची जागा बदलली, कामं बदलली नव्हती. पाणी उतरल्यावर माणसं घरी गेली ती जुनी कामं घेऊनच. म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत सद्भावनेचा ठराव करू नका, कामांचा तक्ता करा.

सुरुवात जमिनीपासून. जुनं गावठाण उंचवट्यावर, पांढरीत. गावकुसाबाहेरची वस्ती बहुधा ओढ्याच्या अंगाला, सखल जागी. सगळीकडे असंच आहे असं नाही, पण नदीकाठच्या बऱ्याच गावांत पाणी आधी वस्तीत शिरतं आणि सर्वांत शेवटी तिथून निघतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, उंची बदलली नाही. त्यामुळे इशारा सगळ्या गावाला एकाच वेळी देणं हे दिसायला समान असलं तरी न्याय्य नाही. वस्तीला काही तास आधी निघावं लागतं, आणि तिला हलवण्याची यंत्रणा मात्र बहुतेक वेळा वरच्या गल्लीत पाणी आल्यावरच जागी होते.

यावर उपाय साधा आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, राजारामला ५५ च्या वर. हे आकडे मोबाइलवर सगळ्यांना येतात, पण आपल्या दारात त्यांचा अर्थ काय होतो ते कोणाला माहीत नसतं. म्हणून २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा शोधत गावातून एक फेरी मारा. समितीतल्या प्रत्येक गल्लीचा आणि वस्तीचा एक माणूस आणि एक बाई फेरीत असलीच पाहिजे. मग तक्ता करा: पुलावर अमुक फूट झालं की ओढ्यावरचा रस्ता बंद, अमुक झालं की वस्तीतलं पहिलं घर, अमुक झालं की मारुतीच्या देवळाची पायरी. विजेच्या खांबांवर ऑइलपेंटने पट्टे मारा. रस्ता बंद होण्याच्या पातळीच्या तीन फूट आधी वस्ती हलवायची, असा लेखी नियम करा. तीन फूट हा आकडा अंदाजी आहे. तुमच्या गावाला पाणी किती वेगाने चढतं ते तीन पुरांच्या आठवणींवरून ठरवा आणि रात्रीचे तास धरून वाढवा.

लोक वेळेवर निघत नाहीत त्याचं सर्वांत मोठं कारण जनावरं. म्हैस मागे ठेवून बाई निघत नाही, आणि बाई निघाल्याशिवाय घर निघत नाही. म्हणून माणसांच्या आधी जनावरं हलली पाहिजेत. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो हिरवा चारा किंवा उसाचं वाडं, आणि म्हशीला ४० ते ६० लिटर पाणी धरा. दावण एकच ठेवा आणि शेळ्यांनाही तिथेच आडोसा द्या, कारण भूमिहीन घरांचं धन शेळ्यांतच असतं आणि सगळे हिशेब म्हशीपाशी थांबतात. इथे एक गोष्ट उघड बोलली जात नाही. मालक कुटुंबासह छावणीत येतो आणि गोठ्यात गडी राहतो. गोठ्याच्या माळ्यावर दोन रात्री काढणारा तो गडी बहुतेक वेळा वस्तीतला असतो. नियम करा: धोका पातळीनंतर गोठ्यात माणूस राहणार नाही. जनावरं तोवर हलली नसतील तर दावी सोडून द्यायची आणि यायचं. हा नियम मालकांच्या तोंडून ग्रामसभेत वदवून घ्या, गड्याच्या तोंडून तो येऊ शकत नाही.

नावेच्या बाबतीत ब्रह्मनाळ विसरू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला येरळा-कृष्णेच्या संगमावरच्या त्या गावात माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि अनेक जीव गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गर्दी होते कारण पुढची फेरी येईल असा भरवसा नसतो. भरवसा द्यायचा तर फेऱ्यांचा क्रम आधी फळ्यावर लिहिलेला हवा: सर्वांत सखल घरं पहिली, त्यातही गरोदर, ओल्या बाळंतिणी, अपंग, म्हातारे, मुलं. आडनाव, पद, ओळख यांना त्या फळ्यावर जागा नाही. दहा माणसांच्या नावेत चालवणाऱ्यासह दहाच, सगळ्यांच्या अंगात जॅकेट, गाठोडी नंतरच्या फेरीला. काहील हा हाताशी काही नसतानाचा उपाय आहे. ती गोल असल्याने प्रवाहात गरगरते, एका बाजूला वजन आलं की कलते. साचलेल्या संथ पाण्यात, दोर बांधून, दोन पट्टीचे पोहणारे बाजूला असतील तरच वापरा, नदीच्या धारेत कधीच नको. कोळी, भोई, आंबी घरांतल्या पोहणाऱ्यांची आणि वस्तीतल्या पोरांची नावं पुराच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असतात, पण आपत्ती समितीच्या कागदावर नसतात. त्यांना सदस्य म्हणून घ्या, एरवी ते फक्त बोलावल्यावर येणारे मजूर राहतात.

आता छावणी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकांप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज तीन लिटर पिण्याचं पाणी आणि ३० माणसांमागे एक संडास लागतो. वीस बाय वीस फुटांच्या वर्गात या हिशेबाने दहाच माणसं बसतात. प्रत्यक्षात पंचवीस-तीस झोपतात, आणि सगळी भांडणं तिथून सुरू होतात. म्हणून एकच हायस्कूल धरू नका. उंचावर असेल तर समाजमंदिर, बुद्धविहार, मशिदीचा हॉल, जैन बस्तीची धर्मशाळा, दूध संस्थेचं गोदाम ही सगळी ठिकाणं ग्रामपंचायतीची अधिकृत केंद्रं म्हणून आधीच ठरावात घ्या. याचा एक मोठा फायदा आहे. नेहमी वस्तीने वरच्या आळीच्या इमारतीत यायचं, म्हणजे पाहुणं व्हायचं. वरच्या आळीतली चार घरं समाजमंदिरात मुक्कामाला गेली की यजमानपण फिरतं.

झोपण्याच्या जागेची जबरदस्तीने सरमिसळ करू नका. पुष्कळ उत्साही कार्यकर्ते इथेच चुकतात. बायका, लेकी-सुना, तान्ही मुलं ओळखीच्या माणसांत झोपू द्या. भीतीच्या दिवसांत ती गरज खरी असते, आणि वस्तीतल्या बायकांना तर ती जास्तच असते. सरमिसळ करायची ती कामात, चुलीवर आणि पाण्यावर. खोल्या वाटताना मात्र एक पाळा: तळमजल्याच्या, संडासाजवळच्या, कोरड्या खोल्या वय आणि आजार पाहून द्यायच्या. ज्याचं बिऱ्हाड आधी आलं त्याला चांगली खोली, असं चालत नाही, कारण ट्रॅक्टर असलेलं घर नेहमीच आधी येतं.

पाण्याला तोटी लावा. हे वाक्य बारीक वाटेल, पण अख्ख्या व्यवस्थेत एवढ्या थोड्या खर्चात एवढं काम करणारं दुसरं काही नाही. पिंपात ओगराळं किंवा तांब्या बुडवायचा म्हटलं की कोणीतरी "मी वाढतो" म्हणून पुढे येतो, आणि मग वरून पाणी घालण्याचा जुना प्रकार दोन तासांत सुरू होतो, तोंडातून शब्दही न काढता. हजार लिटरची टाकी, खाली चार-सहा तोट्या, ज्याने त्याने आपलं भांडं धरायचं. पाणी शुद्धही राहतं, कारण बुडवलेला हात हे साठवलेलं पाणी दूषित होण्याचं एक मोठं कारण असतं. पाचशे माणसांना पिण्याचंच दीड हजार लिटर लागेल आणि हातपाय, संडास धरून माणशी आणखी पंधरा लिटर, म्हणजे साडेसात हजार. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या. मग हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर: बादलीत घोळ करा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता, किमान अर्धा तास थांबा, ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी) पिवळा रंग येतो का पाहा. रंग आला नाही तर पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातल्या टीसीएलचा जोर काही आठवड्यांत जातो, त्यामुळे मे महिन्यात नवं घेऊन हवाबंद ठेवा. टाकी तपासण्याची पाळी प्रत्येक गल्लीला आणि वस्तीला आळीपाळीने द्या. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जे झालं ते पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठीच झालं होतं. टाकीची किल्ली वस्तीतल्या आशाताईच्या हाती असणं याला गावात अर्थ आहे, आणि तो सगळ्यांना कळतो.

चूल. पंगत ही सोपी पायरी आहे. शेजारी बसून जेवायला आता बहुतेक गावांत कोणी हरकत घेत नाही. खरी कसोटी कोणाच्या हातचं खातो ही आहे. कोल्हापुरात शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे ते हे ओळखूनच. म्हणून रांधणाऱ्यांच्या पाळ्या आधी ठरवा. पाचशे माणसांना एका वेळेला दोन मुख्य आचारी, चार हाताखाली, सहा वाढपी, दोघे कोठीवर अशी चौदा माणसं लागतात. प्रत्येक पाळीत प्रत्येक भागाची माणसं हवीत, आणि दोन मुख्य आचाऱ्यांपैकी एक वस्तीतला. बचत गटांतून नावं सहज मिळतात. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांना मोठ्या पातेल्याची सवय असते. बाप्यांनाही चुलीवर घ्या. स्वयंपाक फक्त बायकांवर टाकला की त्यांना पंचनाम्याच्या रांगेत उभं राहायला वेळच उरत नाही.

पदार्थ मुद्दाम निवडा. शिरोळ, मिरज भागात जैन घरं खूप आहेत. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सूर्यास्ताच्या आत जेवण लागतं. इथूनच वेगळी चूल मागितली जाते, आणि एकदा आहाराच्या नावाने वेगळी चूल पेटली की तिच्याभोवती दुसऱ्या कारणांची माणसंही जमतात. म्हणून सगळ्यांचाच पदार्थ कांदा-लसणाशिवाय करा आणि संध्याकाळची पंगत साडेपाचला बसवा. मुगाच्या डाळीची खिचडी सगळ्यांना चालते, म्हाताऱ्यांना पचते, आजाऱ्यालाही देता येते. शंभर माणसांना दहा किलो तांदूळ, चार किलो डाळ, सव्वा लिटर तेल, साधारण अर्धा किलो मीठ. पातेलं साठ-सत्तर लिटरचं. त्याहून मोठ्या पातेल्यात एकदम शिजवली तर खाली लागते, वर कच्ची राहते, आणि मग "हिच्या हाताला चवच नाही" असं कोणाबद्दल तरी बोललं जातं. पोहे शंभर माणसांना सात-आठ किलो. गॅसचा मोठा सिलिंडर दिवसाला साधारण एक जातो, दोन धरा. लाकडावर भिस्त ठेवू नका, पुरात सरपण ओलं असतं.

बाहेरून येणाऱ्या चपात्या गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेल्या असतात; वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. पाठवणाऱ्या गावांना आधीच कळवा: ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवा. कडक भाकरी आठवडाभर टिकते. पाठवणाऱ्या गावांतही सगळ्या आळ्यांतून भाकऱ्या गोळा होतात आणि एकाच टोपलीत येतात. कोणती कोणाच्या घरची हे विचारायची सोयच राहत नाही. आलेल्या भाकऱ्या पुन्हा वर्गवारी न करता तशाच वाढा.

पंगतीला आलेल्या क्रमाने बसवा, गल्लीनिहाय हाक मारू नका. वाढायला एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून सुरुवात करा. शेवटच्या टोकाला पातळ आमटी येते आणि तिथे कोण बसतं हे ठरून गेलेलं असतं. ताट ज्याचं त्याने धुवावं. पत्रावळी टाळा, गटार तुंबतं आणि ते उपसायला परत वस्तीतलाच माणूस बोलावला जातो.

कोणी जेवायला नकार दिला तर? असं एखाद-दुसरं घर निघतंच. त्याच्याशी सगळ्यांदेखत वाद घालू नका, पण दोन गोष्टी ठाम ठेवा. छावणीच्या शिध्यातून वेगळ्या चुलीला मूठभरही तांदूळ द्यायचा नाही. आणि नकार आला म्हणून आचारी बदलायचा नाही, अगदी "तिलाच वाईट वाटू नये म्हणून" सुद्धा नाही. पाहुण्यांकडून डबा आणून खायचा असेल तर खाऊ दे. दोन दिवस उपवास, फराळ, डबा असं चालतं, तिसऱ्या दिवशी लेकरं पंगतीत येतात आणि त्यांच्यामागे मोठी. उघड अपमान केला, पाणी किंवा जेवण नाकारलं, तर मात्र पोलीस पाटलांना लगेच कळवायचं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा छावणीतही लागू असतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ प्रमाणे मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. ते कलम मोठ्या अक्षरांत कोठीच्या दारावर लावा. कोणाला धाक दाखवायला नाही. कोठीवर बसलेल्या पोराला समोरच्या वजनदार माणसाला नाही म्हणताना पाठीशी काहीतरी लागतं.

वस्तीतल्या लोकांनीच वेगळं राहू म्हटलं, तर तो नकार वेगळा आहे. मागच्या खेपेला काय ऐकावं लागलं ते विचारा, आणि तरीही त्यांना समाजमंदिरातच राहायचं असेल तर तेवढाच शिधा, तेवढीच टाकी, तोच डॉक्टर तिथे पोचवा. एकत्र येण्याची सक्ती सोसायची पाळी पुन्हा त्यांच्यावरच आणू नका.

संडासाचा तक्ता हा या सगळ्यातला सर्वांत अवघड कागद. पाचशे माणसांना मानकाने सतरा संडास लागतात. शाळेत तेवढे कधीच नसतात, म्हणून फिरत्या संडासांची मागणी तहसीलदारांकडे पावसाळ्याआधीच नोंदवा. धुण्याच्या पाळीत प्रत्येक कुटुंबाचा एक माणूस, चिठ्ठ्या टाकून क्रम, आणि पहिली पाळी सरपंच व समिती सदस्यांच्या घरांची. ही पहिली पाळी टळली तर तक्ता दुपारपर्यंत फाटतो. लांब दांड्याचे ब्रश, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल यांचे दहा संच आधी घेऊन ठेवा. साधनं नसली की "सवय असलेल्या" माणसाला हाक जाते. मेलेल्या जनावरांचंही तसंच. ओढून न्यायला माणूस बोलवायचा नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून कानातल्या बिल्ल्यासह नोंद आणि पंचनामा झाल्यावर जेसीबीने आठ-दहा फूट खड्डा, विहिरी-ओढ्यापासून लांब, वर चुना आणि मीठ. नोंद न करता पुरलं तर भरपाई बुडते. खर्च ग्रामपंचायतीचा, उभं राहायचं मालकाने. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला ग्रामपंचायत रोजंदारी देणार असेल तर ती सर्व गल्ल्यांतल्या माणसांना एकाच दराने, आणि चिखलातल्या कामाआधी आरोग्य केंद्रात लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळ्यांबद्दल विचारून.

मदतीचे ट्रक. ते डांबरी रस्त्याने येतात आणि पहिल्या गर्दीपाशी थांबतात. पहिली गर्दी चौकात असते, वस्ती आत असते. वेशीवर एकच नोंद टेबल ठेवा, माल तिथेच उतरवून घ्या, घरनिहाय कूपन क्रमांकाने वाटा. वाटपाची सुरुवात सर्वांत सखल घरापासून. कोणा दात्याला स्वतःच्या हाताने वाटायचं असेल तर कूपनाच्या रांगेतच वाटू दे. अमक्या समाजासाठी म्हणून आलेला मालही याच टेबलावर घ्यायचा, आणि हे फोनवरच सांगायचं. वापरलेले कपडे नकोत असं स्पष्ट कळवा. सतरंज्या, चादरी, नवी आतली कापडं, सॅनिटरी पॅड, विजेरी हे मागा.

स्मशानाबद्दल कोणी आधी बोलत नाही. नदीकाठची स्मशानं सर्वांत आधी पाण्याखाली जातात, आणि पुराच्या आठवड्यात एखादा म्हातारा जातोच. त्या रात्री कोणाच्या माळावर न्यायचं यावरून जमलेलं सगळं विस्कटू शकतं. उंचावरची गायरानातली एक जागा ठरावाने सगळ्यांसाठी नक्की करा, वर पत्र्याची शेड, खाली साधारण चारशे किलो कोरडं लाकूड आणि शेण्या झाकून ठेवा. दफन करणाऱ्या घरांसाठी त्याच आवारात जागा. पाणी उतरल्यावरही ही शेड वापरात ठेवा. पुरानंतर टिकणाऱ्या गोष्टींत हिला फार वरचं स्थान आहे.

आणि पंचनामा. गाव फुटतं ते इथे, म्हणून यावर छावणीइतकाच वेळ द्या. २०१९ ला ग्रामीण भागात पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये सानुग्रह अनुदान होतं. रक्कम एवढीच, पण कोणाला मिळाली आणि कोणाला नाही यावरून आजही लोक एकमेकांकडे बघत नाहीत. वस्तीतली घरं का गळतात ते समजून घ्या. घर गायरानात, म्हणून मालकीचा उतारा नाही. एका छपराखाली तीन भावांच्या तीन चुली, पण रेशनकार्ड एकच. मातीच्या कच्च्या विटांची भिंत पाण्यात उभी राहते आणि ऊन पडून वाळायला लागल्यावर आठ-दहा दिवसांनी कोसळते, तोवर "अंशतः पडझड" असा पंचनामा होऊन गेलेला असतो. शेत वाट्याने केलेलं, त्यामुळे बियाणं, खत आणि राबणूक वाटेकऱ्याची, आणि पीक-नुकसानीचे पैसे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात.

प्रत्येकाची तजवीज पुराआधी होते. उतारा नसलेल्या घरांची घरपट्टी पावती, वीजबिल, मतदारयादीतलं पान यांचे फोटो ग्रामपंचायतीच्या संगणकात मे महिन्यातच साठवा. स्वतंत्र चुलींची यादी ग्रामसभेत वाचून मंजूर करून घ्या. पाणी उतरलं की पहिल्याच दिवशी, घर धुवायच्या आधी, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा तारीख-वेळेसह फोटो घ्या. पाणी घरात किती दिवस होतं यावर कपडे-भांड्यांची मदत ठरू शकते, म्हणून शिरल्याची व निघाल्याची वेळ लिहून ठेवा. तलाठी आणि ग्रामसेवक आले की फेरी वस्तीतून सुरू करा, सोबत वस्तीतली शिकलेली दोन मुलं. यादी चावडीवर, समाजमंदिरावर आणि रेशन दुकानावर एकाच दिवशी लावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. कच्च्या भिंतींची पंधरा दिवसांनी दुसरी पाहणी करण्याचा अर्ज पहिल्या पंचनाम्याच्या दिवशीच द्या. वाटेकऱ्यांसाठी कायद्यात मार्ग अरुंद आहे. मालक-वाटेकरी यांच्यात भरपाई कशी वाटायची याचा साधा लेखी करार पेरणीलाच करून घेणं हा व्यवहारी तोडगा. सगळे मालक करणार नाहीत. दहांतल्या चारांनी केला तरी उरलेल्यांवर दबाव येतो.

मजुरीचा विचार तर कुठल्याच रकान्यात नसतो. शेंडा पाण्याखाली गेला आणि पोंग्यात गाळ बसला की ऊस कुजतो. शेतकऱ्याचं पीक जातं, तसा खुरपणीला जाणाऱ्या बाईचा दोन महिन्यांचा रोज जातो. पाणी उतरल्याच्या आठवड्यातच ओढा साफ करणं, पाणंद रस्ते, गाळ काढणं ही कामं रोजगार हमीत घ्या, मागणी अर्ज छावणीतच भरून ठेवा. नाहीतर रेशन संपतं, उचल घ्यावी लागते आणि उचल देणारा तोच असतो ज्याच्या शेजारी बसून आठवड्यापूर्वी जेवण झालं. एका पंगतीतली माणसं परत मालक-गडी होतात ती या उचलीमुळे.

पहिली बैठक मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या आणि चावडीवर घेण्याऐवजी समाजमंदिरात घ्या. अजेंड्यावर तीनच विषय ठेवा: पाण्याच्या खुणांची फेरी, स्वयंपाक व संडासाच्या पाळ्या, स्वतंत्र चुलींची यादी. खरेदीला पैसे कमी असतील तर आधी तोट्यांची टाकी, मग जॅकेट, मग गमबूट-ब्रश, मग सत्तर लिटरची पातेली. पातेली ग्रामपंचायतीच्या नावावर घ्या आणि वर्षभर लग्नकार्याला, जत्रेला, जयंतीला सगळ्या आळ्यांना एकाच भाड्याने द्या.